रद्द झालेलं वॉरंट, आणि बाबांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी

आज सकाळी दारात एक महिला पोलीस उभी होती. बाबांच्या पासपोर्टची चौकशी होती, एवढंच. ताईचं बाळंतपण जवळ आलंय, तिच्याकडे जायचं म्हणून अर्ज केला होता. पोरगी चांगली होती, पंचविशीतली. चपला बाहेर काढून आत आली, पाणी घेतलं, कागद पाहिले. मग अवघडून म्हणाली, "काकाजी, आमच्या रजिस्टरला तुमच्या नावावर एक वॉरंट बाकी दिसून राहिलं."

बाबा काही बोलले नाहीत. आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद घेऊन आले. वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत. दोन वर्षं ती त्यांच्या उशाशी असते आणि गावाला जाताना खिशात. पिशवीची गाठ सोडताना त्यांचे हात थरथरत होते. ते हात पाहिले म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुकान बंद करायच्या वेळी बाबांचा एक चेक बाउन्स झाला, कलम 138 ची केस लागली. एका तारखेला मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ते हजर राहू शकले नाहीत आणि अजामीनपात्र वॉरंट निघालं. पुढच्याच आठवड्यात बाबा डोळ्याला काळा चष्मा लावून सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात उभे राहिले, वकिलांनी अर्ज दिला, कोर्टाने वॉरंट रद्द केलं. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

त्यानंतर नवव्या दिवशी तान्हा पोळा होता. माझा मुलगा लाकडी बैलाला झूल घालत होता, बाबा शिंगांना बेगड लावून देत होते. दोन पोलीस आले. "साहेबांनी बोलावलंय." मी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं, म्हणजे कोर्टातल्या केसची माहिती देणारं सरकारी ॲप उघडून दाखवलं, त्यात रद्द झाल्याची नोंद स्पष्ट होती. ठाण्यात उत्तर मिळालं, "मोबाईलवरचं चालत नाही, कागद आणा." कागद कुठून आणू? सणाची सुटी, प्रमाणित प्रती देणाऱ्या नकला विभागाला कुलूप. साडेपाच तास बाबा बाकावर बसून होते. संध्याकाळी सुटीच्या कोर्टासमोर उभं केलं, तिथे न्यायाधीशांनी स्वतः संगणकावर पाहिलं आणि चार मिनिटांत सोडलं.

न्यायाधीशांना जे चार मिनिटांत दिसतं ते ठाणे अंमलदाराला का दिसू नये? वॉरंट निघालं तेव्हा तीन दिवसांत ठाण्यात पोचलं. रद्द झालेलं नऊ दिवसांत पोचलं नाही, आणि आज कळलं की दोन वर्षांतही पोचलेलं नाही. मधल्या काळात ती केस लोकअदालतीत मिटलीसुद्धा!

काहींचं म्हणणं असेल, मोबाईलवरचा स्क्रीनशॉट पाहून पोलीस सोडायला लागले तर खरे फरार आरोपीही खोटे आदेश दाखवून सुटतील. बरोबर आहे, मान्य. ई-कोर्ट्सची साइटसुद्धा स्वतःच सांगते की ही माहिती कायदेशीर पुरावा म्हणून वापरू नका. पण मग पोलिसांना विश्वास ठेवता येईल अशी नोंद थेट त्यांच्या यंत्रणेत कोर्टाकडूनच जायला हवी ना. ती वाहून न्यायचं काम अडुसष्ट वर्षांच्या माणसाने का करायचं?

वकिलांनी तेव्हा जे समजावलं ते ऐकून मी सुन्न झाले होते. पोलिसांचं सीसीटीएनएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींचं देशभराचं संगणक-जाळं, 2009 मध्ये मंजूर झालं, ते चालतं एफआयआरच्या क्रमांकावर. कोर्टाची केस चालते 16 अक्षरी सीएनआर क्रमांकावर, म्हणजे प्रत्येक केसच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर. आयसीजेएस नावाची यंत्रणा हे दोन्ही जोडते, एकदा भरलेली माहिती सगळीकडे दिसावी म्हणून. पण चेक बाउन्सच्या केसमध्ये एफआयआरच नसतो. ती खाजगी तक्रार, थेट कोर्टात दाखल झालेली. मग जोडायचं कशाला कशाशी? तिथे वॉरंट म्हणजे एक कागद, ठाण्यातलं एक रजिस्टर आणि कोर्टाची डाक घेऊन येणारा एक पोलीस. तो रजेवर गेला, बंदोबस्ताला गेला, की डाक राहिली.

बाबांना न्यायला आलेल्या पोलिसांवर माझा राग नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त सोडून आलेल्या त्या दोघांपैकी एकाने बाबांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला होता, डोळ्यात टाकायचं औषध आणून द्या म्हणून मला फोनही त्यानेच केला. त्याच्या हातात कागद होता आणि कागद म्हणत होता, पकडा. कायदाही हेच सांगतो, वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत. रद्द झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही तर तो काय करणार?

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हे सगळं आधी घडून गेलंय. 15 ऑगस्ट 2002 ला मुंबईच्या एका वकिलांना अशाच रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2011 मध्ये कोर्टाने लिहून दिलं, वॉरंट रद्द झालं की रजिस्टरला नोंद करा, आदेशाची प्रत संबंधित पोलिसांना पाठवा, वॉरंट न बजावता परत मागवा, आरोपीलाही प्रत द्या. इतकं सरळ! गुजरातमध्ये तर शिक्षा स्थगित झाल्याचा आदेश 2020 मध्ये ईमेलने तुरुंगात पोचला, तिथे जोडलेली फाइल उघडली नाही आणि तो माणूस जवळजवळ तीन वर्षं जास्त आत राहिला. हायकोर्टाने एक लाख रुपये द्यायला लावले. तीन वर्षांचे एक लाख.

कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी मंजूर झाले. होऊ द्या, चांगलंच आहे. माझं मागणं लहान आहे. ज्या दिवशी रद्द, त्याच दिवशी ठाण्यात नोंद, आणि ती झाली नाही तर जबाब कोण देणार त्याचं नाव ठरलेलं. एफआयआर असो वा नसो.

आणि हो, घाईत चुकीची माहिती जोडली तर ती दहा ठिकाणी पसरेल, एकाच नावाची दोन माणसं एक होतील, हेही कळतं मला. म्हणून तर तपासून भरा म्हणते आहे.

सकाळी ती पोरगी जाताना म्हणाली, "ताई, कोर्टातून ताजी प्रत आणून द्या, मी स्वतः रजिस्टरला लावते." तिने आपला नंबरही लिहून दिला. दारापाशी थांबून बाबांना म्हणाली, "काकाजी, टेन्शन नका घेऊ." बाबा हसले, पण जेवले नाहीत नीट.

सोमवारी नकलेचा अर्ज द्यायला जाते आहे. दोन प्रती काढणार, एक ठाण्यासाठी, एक त्या पिशवीसाठी. बाबांना सोबत नेणार नाही.