कट्टा घरात असतो, तेव्हा झडती कोण घेणार?

पंधरा दिवसांपासून चोपडा-शिरपूर भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला, त्यातले दोन माझेच अशील. मजकूर साधारण असा: ‘खान्देशात गावठी कट्टे (चोरून घडवलेली देशी पिस्तुलं) वाढले, कारण पोलिसांत बायका वाढल्या. आरक्षणातून आलेल्या या पोरी भरतीत निम्मंच धावतात. उमर्टीच्या डोंगरात त्यांना नेता येत नाही. त्या टेबलावर आणि बंदोबस्तात ठीक, कट्टेवाल्यांना मर्दच लागतात.’

मी जिल्ह्यात फौजदारी वकिली करते. आर्म्स ॲक्टच्या, म्हणजे शस्त्र कायद्याच्या, केसेस बहुतेक आरोपीकडून चालवल्या आहेत. पोलिसांची केस कुठे ढिली पडते ते शोधणं हाच माझा धंदा. म्हणून या मेसेजवर गप्प बसणं मला जमत नाही.

आधी ‘बायका वाढल्या म्हणून कट्टे वाढले’ हे घेऊ. उमर्टी नावाची गावं दोन आहेत. एक जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, दुसरं मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात, मध्ये अनेर नदी. पलीकडच्या उमर्टीत भट्टीवर पिस्तुलं घडतात. बऱ्हाणपूरकडच्या पाचोरीचंही नाव अशाच कामासाठी घेतलं जातं. नदी ओलांडली की राज्य बदलतं, पोलीस ठाणं बदलतं, कोर्ट बदलतं. धंदा टिकला तो या सोयीवर, आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकावर. कमरेला कट्टा लावून रील करणारं पोरगं, वसुलीवाला, वाळूवाला, निवडणुकीतला पंटर. ही सगळी मंडळी जळगाव, भुसावळ, धुळ्यात राहतात, पुण्यातही सापडतात. (दोष ही पिस्तुलं घडवणाऱ्यांच्या पूर्ण सिकलीगर समाजावर ढकलणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. विकत घेणारा नसता तर भट्टी केव्हाच विझली असती.)

उरला मर्दांचा मुद्दा. फेब्रुवारी 2025 मध्ये चोपडा ग्रामीण पोलीस ठाण्याचं पथक उमर्टीत कारवाईला गेलं, तेव्हा जमावानं एका पोलिसालाच उचलून पलीकडे नेलं. नंतर त्याची सुटका झाली. तो पुरुषच होता, आणि त्याच्या हिमतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कमी पडलं ते संख्याबळ आणि दोन राज्यांमधला मेळ. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलीस मोठा फौजफाटा घेऊन पलीकडच्या उमर्टीत उतरले आणि भट्ट्या पाडल्या, तेव्हा हेच सिद्ध झालं.

धावण्याचं लवकर आटोपते. शिपाई भरतीत पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर, हे खरं आहे. दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक आहेच, आणि 100 गुणांची लेखी परीक्षा एकच. पण कट्टा पळून जाताना पकडला, अशी केस माझ्याकडे क्वचितच आली. तो सापडतो एसटीच्या सीटखाली, केळीच्या गाडीत, दुचाकीच्या डिकीत, घरात. नाक्यावर उभं राहायचं, खबर काढायची, वाट पाहायची आणि शेवटी झडती घ्यायची, असं ते काम आहे.

आणि इथेच मेसेज लिहिणाऱ्याला कायदा माहीत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 49 नुसार बाईची अंगझडती दुसऱ्या बाईनंच, पूर्ण सभ्यता राखून घ्यायची. कलम 43 नुसार सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. हे नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतेच. कट्टे पोचवणाऱ्यांना ते पोलिसांपेक्षा चांगले पाठ आहेत, म्हणून माल बाईच्या पिशवीत किंवा लुगड्याच्या ओच्यात जातो.

मग पथकात महिला अंमलदार नसली की काय होतं? अंगझडती घेणारी बाई पोलीसच असावी असं कायदा म्हणत नाही. पथक रस्त्यावरची एखादी बाई धरून आणतं. माझ्या एका केसमध्ये स्टँडवर पेरू विकणारीला आणलं होतं. पंचनाम्यावर तिचा अंगठा. दोन वर्षांनी ती साक्षीला उभी राहिली, आरोपीचा भाऊ मागच्या बाकावर बसलेला. ती म्हणाली, ‘मी काही पाहिलं नाही, मला अंगठा द्यायला सांगितला.’ साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष. ती केस मी जिंकले. तो कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं लाखेच्या सीलसकट समोर टेबलावर पडली होती, आणि मला त्या जिंकण्याचा आनंद झाला नाही.

आता मी हरलेली एक केस सांगते. एका गावात घराची झडती चालली होती. पुरुष कर्मचारी अंगणात गाद्या उसवत होते, धाब्याच्या छपरावर चढत होते. एक महिला शिपाई आत मोरीजवळ म्हातारीशेजारी बसली. म्हातारी भांडी घासत होती, हिनं राखेनं दोन पातेली घासून दिली. थोड्या वेळानं म्हातारी तोंड न वळवता म्हणाली, ‘कोठीमा शे, ताई. पन मना पोऱ्याले मारू नका.’ (कोठीत आहे, ताई. पण माझ्या पोराला मारू नका.) ज्वारीच्या कोठीत हात खांद्यापर्यंत घातल्यावर फडक्यात गुंडाळलेला कट्टा हाताला लागला. उलटतपासणीत मी त्या मुलीला पाऊण तास धारेवर धरलं. पंचांसमोर काढला का, फडकं कोणत्या रंगाचं, ज्वारी किती होती, मोरीत का बसलात. एका उत्तरात ती डगमगली नाही. पोराला शिक्षा झाली. आर्म्स ॲक्टच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर नुसता विनापरवाना कट्टा बाळगायला किमान दोन वर्षं आहेत, बनवणं-विकणं यांना किमान सात.

पोऱ्यानं कट्टा आणलाय हे घरात सगळ्यात आधी आईला कळतं, मग बायकोला. दारू पिऊन आलेला नवरा तो पहिल्यांदा तिच्यावरच रोखतो. अशी बाई ठाण्यात येऊन पुरुष हवालदाराला हे सांगेल? लोक काय म्हणतील, नवरा परत आला तर काय करील, या भीतीनं ती उंबऱ्याच्या आतच राहते. 1994 च्या महिला धोरणानं सरकारी नोकरीत 30 टक्के जागा ठेवल्या, त्यातून आलेल्या या पोरी त्या उंबऱ्याच्या आत जाऊ शकतात.

‘टेबलावर आणि बंदोबस्तात ठीक’ हे एक वाक्य मला टोचलं, कारण त्यात निम्मं खरं आहे. अनेक ठाण्यांत महिला अंमलदार वायरलेसवर, गुन्ह्यांच्या नोंदींच्या (सीसीटीएनएस) संगणकावर, नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरून दिसतात. गुन्हे शोधपथकाच्या यादीत एखादंच नाव, तेही कागदावर. पण तिथे त्या स्वतः जाऊन बसलेल्या नाहीत, ड्युटी लावणाऱ्यानं बसवलं आहे. एकीनं मला सांगितलं, नाक्यावर रात्रपाळी लागली की ती दुपारनंतर पाणी पीत नाही, कारण आसपास संडास नाही. ज्या कारणानं तिला नाक्यावरून परत बोलावलं जातं, ते कारण बांधकाम खात्याला दिलेल्या एका अर्जानं सुटणारं आहे.

मेसेज पुढे पाठवणाऱ्या माझ्या दोन्ही अशिलांना मी एकच सांगितलं. पालकमंत्र्यांकडे आणि एसपी ऑफिसला जायचं असेल तर एवढं मागा: चोपडा-लासूर-सत्रासेन रस्त्यावर आणि आग्रा रोडवर हाडाखेडला नाक्यांवर प्रत्येक पाळीत किमान दोन महिला अंमलदार, त्यांच्यासाठी पाण्याचा संडास, आणि स्थानिक गुन्हे शाखेच्या प्रत्येक पथकात कागदावर नाही तर गाडीत बसलेली एक महिला. निवेदन मी फुकट लिहून देते.