डोळे पिवळे होणे म्हणजे ‘शुद्धी’ नव्हे

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या मावशीच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. वायगावच्या हळदीवर वैदर्भीयांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, म्हणून हळदीच्या कॅप्सूल आपल्या यकृताला बाधूच शकत नाहीत. शंका असल्यास जनुकचाचणी करून निर्धास्त व्हावे. आणि औषध चालू असताना डोळे पिवळे झाले तर ती शरीराची ‘शुद्धी’ समजून औषध सोडू नये, असे त्यात म्हटले आहे. मावशीने बाटली मागवलीदेखील, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

वरणात पडणाऱ्या चिमूटभर हळदीने यकृत बिघडत नाही, एवढे मान्य. कॅप्सूलमध्ये मात्र अर्क असतो, आणि तो अधिक शोषला जावा म्हणून पुष्कळदा मिरीतले पायपरिनही मिसळलेले असते.

वंशपरंपरेचा युक्तिवाद तर उलटाच आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे (म्हणजे अशाच कॅप्सूल वगैरेंमुळे) यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक जण दगावला, आणि ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हे रोगप्रतिकारशक्तीशी निगडित एका जनुकाचे रूप आढळले. ग्रीन टीच्या अर्काने आणि ‘हे शौ वू’ या चिनी वनौषधीने झालेल्या इजेशीही याच जनुकरूपाचा संबंध दिसला आहे. अशा एचएलए जनुकांचा एकेक संच आईकडून आणि वडिलांकडून येतो आणि सख्ख्या भावंडांतही दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. तेव्हा आजीला जे पचले ते नातीला पचेलच, हे कशाच्या बळावर सांगायचे? चाचणीचेही तेच: उरलेल्या तिघांत ते रूप नव्हतेच, आणि ज्यांच्यात ते असते त्यांतल्या बहुतेकांना काही होत नाही. (हे सारे परदेशातले म्हणून झटकायचे असेल, तर मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतरचे असे सहा रुग्ण नोंदवले आहेत.)

खरा संताप येतो तो ‘शुद्धी’च्या वाक्याचा. यकृताला बिलिरुबिनचा, म्हणजे जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडताना तयार होणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, निचरा करता येईनासा झाला की ते रक्तात साचते आणि डोळे पिवळे दिसतात. औषधाने यकृताच्या पेशींना इजा होऊन कावीळ झाली, तर साधारण दहांतला एक रुग्ण दगावतो किंवा त्याच्यावर प्रत्यारोपणाची वेळ येते. अशा वेळी पहिला उपाय औषध थांबवणे हाच असतो, आणि हा संदेश नेमका तोच करू नका म्हणून बजावतो. कॅप्सूल घेणाऱ्या कोणाचीही भूक मंदावली, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल तात्काळ बंद करून त्याच दिवशी एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) आणि बिलिरुबिनची रक्ततपासणी करावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती बाटलीही सोबत न्यावी.