सेकंडहँड सेडानला प्रीमियम पेट्रोल लागतंच असं नाही

सध्या आमच्या चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात एक मेसेज फिरतोय, की जुनी सेडान घेतली असेल तर पहिल्या दिवसापासून प्रीमियमच टाका, त्यात ताकद जास्त असते, साध्याने इंजिन खराब होतं, प्रीमियमने कार्बन साफ होतो आणि कोकणच्या दमट हवेत तर ते हवंच. माझ्या मावसभावाने हे वाचून चार महिने प्रीमियम टाकलं, म्हणून लिहायला बसलो.

"ताकद जास्त असते." हे मुळातच चुकीचं आहे. पंपावर प्रीमियमला ९५, १०० लिहिलेलं असतं तो ऑक्टेनचा आकडा, ताकदीचा नाही. स्पार्कने पेटलेली ज्वाला पोचायच्या आत सिलिंडरमधलं उरलेलं पेट्रोल दाबाने आपोआप भडकलं की टकटक आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि ते न होऊ देण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आता तुमचं इंजिन ९१ ऑक्टेनवर चालायलाच बनवलेलं असेल तर त्यात एरवी नॉकिंग होतच नाही, मग ९५ टाकून ते जास्त ओढणार कुठून? हां, टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाची) सेडान असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कंपनीने ९५ सांगितलेलं असू शकतं आणि मग ९५ च टाकायचं. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बऱ्याच गाड्यांना स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअल बघा, तिथे जे लिहिलंय तेच खरं.

"साध्याने इंजिन खराब होतं." १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ या प्रदूषण मानकाचं पेट्रोल आलं, साधं तेव्हा ९१ ऑक्टेनचं, आणि सल्फरची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आली, ती साध्याला आणि प्रीमियमला एकच. जुन्या गाडीच्या रबरी पाइप-सीलसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची काळजी वाटत असेल तर ती मी समजू शकतो, पण ९५ वालं घेतलं म्हणून इथेनॉल टळलं असं होत नाही. अ‍ॅव्हरेज थोडं कमी पडतं तेही इथेनॉलमुळे, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

कार्बनच्या बाबतीत मात्र थोडं तथ्य आहे. प्रीमियममध्ये सफाईचं अ‍ॅडिटिव्ह जास्त असतं आणि जुन्या इंजिनात कार्बन साचून नॉकिंग होऊ शकतं, तेव्हा कधीतरी दोन-तीन टाक्या मारायला माझी ना नाही. पण झिजलेला स्पार्क प्लग किंवा त्याला वीज देणारी मेलेली कॉइल त्याने बरी होत नाही.

दमट हवेचं तर बरोबर उलटं आहे, हवेत बाष्प जास्त असलं की नॉकिंग कमी होतं. खाऱ्या हवेने बॉडी गंजते, त्याचा पेट्रोलशी काय संबंध?

भावाची गाडी कुंभार्ली घाटात चढावर मिस मारायची, पिकअप घेत नव्हती. त्याला वाटलं पेट्रोल हलकं पडतंय. चार महिने प्रीमियम टाकूनही तेच. शेवटी मेकॅनिकने प्लग काढले, चारही झिजलेले, नवीन टाकले आणि त्याच साध्या पेट्रोलवर गाडी घाट चढली. लिटरला ७ रुपये फरक धरा, महिन्याला ८० लिटर, म्हणजे चार महिन्यांत २,२४० रुपये गेले, आणि हा पैसा त्याने हप्ता भरून उरलेल्यातून वाचवलेला होता हो, म्हणून जीव जळतो.

आणि इकडे सेकंडहँड गाडी घेताना पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट बघायची असते ती म्हणजे जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. त्यात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्याआधीचं मॉडेल असेल तर कार्पेट उचलून खाली चिखल बघा, सीटच्या पट्ट्या पूर्ण ओढून डाग बघा, वायरिंगचे सॉकेट उघडायला लावा. अशा गाडीत १०० ऑक्टेन ओतलं तरी पाणी लागलेले सेन्सर डॅशबोर्डवर रोज नवीन लाइट लावणार.