.458 ने अस्वल उडत नाही

माझा भाचा अलास्कात, अँकरेजला असतो. यंदा तिकडच्या मित्रांबरोबर मूसच्या, म्हणजे तिकडच्या थोरल्या हरणाच्या, शिकारीला जायचं घाटतंय. परवा त्याने एक मराठी फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग .458 घेऊ का?" फॉरवर्डमध्ये काय, तर अलास्कात .30-06 हे शिकारी रायफलचं नेहमीचं काडतूस म्हणजे खेळणं; जड गोळी हवी तर मॅग्नमच, म्हणजे जास्त दारूचं जोरकस काडतूसच लागतं, कुठलंही चालेल; .458 विंचेस्टर मॅग्नमची (.458 हा गोळीचा इंचांतला व्यास) गोळी कुठेही लागो, अस्वल मागे फेकलं जातं. काही मॅग्नम काडतुसांच्या बुडाशी जाड कडं असतं, त्या पट्ट्यामुळे काडतूस मजबूत होतं. नळीच्या तोंडाला वायू बाजूला वळवणारा मझल ब्रेक लावला की झटका संपला. लिहिणाऱ्याने रायफल कधी खांद्याला लावली असेल असं वाटत नाही.

आधी ते "कुठेही लागो" घेतो, कारण खरा घात तिथेच आहे. हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा. .458 ची 500 ग्रेनची गोळी म्हणजे साधारण 32 ग्रॅम, नळीतून सुटताना वेग सेकंदाला 620 मीटरच्या आसपास. संवेग झाला 20. तो सगळाच्या सगळा 400 किलोच्या अस्वलाला दिला, तरी त्याला वेग मिळतो सेकंदाला पाच सेंटिमीटर. याला फेकलं जाणं म्हणतात? शिवाय तेवढाच धक्का, दारूच्या वायूंचा धरला तर जास्तच, बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्यालाही बसतो. तो कुठे उडतो? जनावर पडतं ते हृदय, फुप्फुसं किंवा मज्जारज्जू फुटला म्हणून. तीच 500 ग्रेनची गोळी पोटात बसली तर अस्वल झाडीत पळतं, आणि त्याच्या मागावर कुणाला तरी आत शिरावं लागतं.

.30-06 खेळणं आहे की नाही, हे अलास्काच्याच मत्स्य आणि वन्यजीव खात्याला विचारा. शिकाऱ्यांसाठीच्या सूचनांत त्यांनी स्वच्छ म्हटलंय की नुसता नेम जुळवण्यापुरती चालवलेली नवी कोरी मॅग्नम आणण्यापेक्षा, नीट चालवता येणारी .270 किंवा .30-06 घेऊन आलेला शिकारी बहुतेक अनुभवी गाइडना बरा वाटतो. तपकिरी अस्वलासाठीसुद्धा .30-06 मध्ये 200 किंवा 220 ग्रेनची चांगल्या बनावटीची गोळी पुरते, नेम बरोबर असेल तर. म्हणजे जड गोळीसाठी मॅग्नमच लागतं, हेही गेलं. 220 ग्रेनची गोळी तर .30-06 च्या आधीच्या 1903 च्या काडतुसातच होती. उलट .22 मॅग्नमची गोळी बहुधा 40 ग्रेनची असते. कुठलंही चालेल म्हणे!

एक मात्र कबूल करावं लागेल. त्याच व्यासाची, त्याच बनावटीची जड गोळी सहसा खोल जाते, आणि आफ्रिकेतल्या काही देशांत हत्ती-म्हशींसाठी .375 ची किमान अट कायद्यातच आहे. पण भाच्याला मूस मारायचाय, हत्ती नाही.

पट्ट्याचं थोडक्यात. हॉलंड अँड हॉलंडच्या 1912 च्या .375 काडतुसाचा खांदा, म्हणजे पुढे निमुळता होत जाणारा भाग, इतका उतरता आहे की ते चेंबरमध्ये (नळीमागे काडतूस बसतं त्या जागेत) नेमकं कुठे अडावं हे पट्टा ठरवतो. मजबुतीशी त्याचा संबंध नाही.

जड गोळीसाठी मॅग्नम घ्यायचंच, तर बघायच्या गोष्टी वेगळ्या. 1963 च्या .300 विंचेस्टर मॅग्नमची मान, म्हणजे गोळी धरणारा भाग, आखूड आहे आणि काडतुसाची लांबी साधारण 85 मिलिमीटरला अडते, त्यामुळे लांब, जड गोळी आत घुसून दारूची जागा खाते. 2018 चं .300 पीआरसी हे काडतूस अशाच गोळ्यांसाठी आखलेलं. लांबीला मोकळीक, नळीतला पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) घट्ट, आणि पट्टा नाहीच. पीळ सैल असला तर लांब गोळी हवेत डगमगते, मग नावात मॅग्नम असो वा नसो. अस्वलांच्या मुलखात जवळून मारायचं तर .375 आणि 300 ग्रेन, पण आधी रेंजवर उभ्याने, बसून, दमलेलं असताना चालवून बघायची. डोळे मिटत असतील तर मुकाट .30-06.

राहिला मझल ब्रेक. झटका कमी होतो, संपत नाही. आवाज मात्र बाजूला आणि मागे फेकला जातो, तेव्हा शेजारच्या गाइडला आधी विचारून घे, बाबा. कान त्याचे आहेत.