आयातशुल्क परदेशी कंपनी भरत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाने एका मोठ्या खरेदीदाराला वर्षभरासाठी स्थिर दराचे कोटेशन दिले. त्याच्या छोट्या कारखान्यात जुळणाऱ्या यंत्रांतली बेअरिंगे बाहेरच्या देशातून येतात आणि त्यांच्यावरचे शुल्क वाढणार अशी चर्चा गेले काही महिने चालू आहे. ते वाढले तर हा दर परवडणार कसा, असे मी विचारले तेव्हा त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "दादा, हे वाच. शुल्क समोरची कंपनी भरते, आपला संबंध नाही." तो संदेश मला याआधी चौघांनी पाठवला होता आणि चारही वेळा मी तो पूर्ण न वाचता सोडून दिला होता. आता मात्र घरातल्या माणसाने त्यावर विसंबून कोटेशनवर सही केली आहे, त्यामुळे त्यातला एकेक दावा तपासणे भाग आहे.

संदेशात मुख्यतः पाच विधाने आहेत. आयातशुल्क परदेशी कंपनी भरते, म्हणून ते वाढवणे म्हणजे देशाला फुकट मिळणारे उत्पन्न आहे. देशातल्या वस्तूंवरचा कर व्यापारी आपल्या नफ्यातून भरतो, त्यामुळे कर वाढल्यावर किंमत वाढली तर ती निव्वळ नफेखोरी असते. कराचा दर दुप्पट केला की महसूल दुप्पट होतो. जो आयकर भरत नाही तो करच भरत नाही. आणि शेवटचे विधान असे की, मूल्यवर्धित कर (व्हॅट) म्हणजे करावर कर, प्रत्येक टप्प्यावर तीच रक्कम पुन्हा वसूल केली जाते.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या विधानाने होते, म्हणून त्याच्यावरच जास्त वेळ घालवतो. माल बंदरात उतरला की सीमाशुल्क खात्यापुढे जो कागद दाखल होतो, तो एकदा नीट पाहावा. त्यात आयातदाराचे नाव असते, मालाचे वर्णन असते, वर्गीकरणाचा आकडा असतो (बॉल आणि रोलर बेअरिंगांचा ८४८२ ने सुरू होतो, आणि अशा आकड्यांतले पहिले सहा अंक जवळजवळ सगळ्या जगात सारखेच असतात), मालाचे मूल्य, शुल्काचा दर आणि देय रक्कम असते. ती रक्कम ज्याच्या नावापुढे लिहिलेली असते तो आयातदार असतो, म्हणजे या बाबतीत माझा मावसभाऊ. ती भरल्याशिवाय माल गोदामातून सुटत नाही. शुल्कासह माल पोहोचवून देण्याचा करार करून विक्रेत्याला ते भरायला लावता येते, हे खरे आहे. पण असा करार करणारा विक्रेता शुल्काची रक्कम आधीच दरात धरतो, त्यामुळे ती शेवटी घेणाऱ्याच्याच बिलात येते.

यावर संदेशाच्या बाजूने असे म्हणता येईल की, कागदावर नाव कोणाचेही असो, ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून परदेशी कंपनी आपला दर तेवढ्याने उतरवेल. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर तर्काने न देता प्रत्यक्ष घडलेल्या घटनेने देणे बरे. अमेरिकेने फेब्रुवारी २०१८ पासून आयात होणाऱ्या घरगुती वॉशिंग मशीनवर संरक्षक शुल्क बसवले. वर्षाला पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढच्या यंत्रांवर ५० टक्के असा दर होता. त्याआधी ठरावीक देशांपुरते शुल्क लावून पाहिले होते, तेव्हा कंपन्यांनी उत्पादन दुसऱ्या देशांत हलवले होते. म्हणून या वेळी शुल्क जवळपास सगळ्याच देशांना लागू केले. अमेरिकी मध्यवर्ती बँकेतील आरॉन फ्लाएन आणि शिकागो विद्यापीठातील अली हॉर्टाचसू व फेलिक्स टिंटेलनॉट या अर्थशास्त्रज्ञांनी याचा परिणाम मोजला आणि तो अभ्यास २०२० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यांना आढळले ते असे. वॉशिंग मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी, म्हणजे नगामागे सरासरी ८६ डॉलरने वाढल्या. देशातच यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनीही आपल्या किमती वाढवल्या, कारण स्पर्धकाचा माल महाग झाल्यावर त्यांना स्वस्तात विकण्याचे कारण उरले नव्हते. सगळ्यांत बोलकी गोष्ट कपडे वाळवण्याच्या यंत्राची आहे. त्या यंत्रावर कोणतेही शुल्क नव्हते. तरीही त्याची किंमत नगामागे सरासरी ९२ डॉलरने वाढली, कारण तेथे ही दोन यंत्रे बहुधा जोडीने आणि सारख्याच किमतीला विकली जातात, आणि विक्रेत्यांनी वाढ एकावर न टाकता दोहोंवर वाटून टाकली. म्हणजे ज्या वस्तूवर एक सेंटही कर नव्हता, तिच्यासाठीसुद्धा ग्राहकाने जास्त पैसे मोजले.

आता सरकारच्या तिजोरीकडे पाहू, कारण संदेशाचा सारा भर 'फुकट उत्पन्ना'वर आहे. या शुल्कातून वर्षाला सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर जमा झाले, तर ग्राहकांनी वर्षाला १५० कोटींहून अधिक डॉलर जास्त मोजले. तिजोरीत एक डॉलर यावा म्हणून लोकांच्या खिशातून अठरा डॉलर गेले. बदल्यात काहीच मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. सॅमसंग आणि एलजी या कंपन्यांनी अमेरिकेत कारखाने उभारले, आणि एकूण सुमारे १,८०० रोजगारांचे श्रेय अभ्यासकांनी या शुल्काला दिले. जमा झालेले शुल्क वजा केल्यावर त्यातल्या प्रत्येक रोजगारासाठी ग्राहकांना वर्षाला ८ लाख डॉलरहून अधिक खर्च आला. रोजगार देशातच हवेत म्हणून एवढी किंमत मोजावी का, यावर दोन मते असू शकतात आणि तो वाद प्रामाणिकपणे घालावा. परंतु ती किंमत परदेशी माणूस मोजतो असे सांगून लोकांकडून होकार मिळवणे ही फसवणूक आहे.

येथे एक गोष्ट मला, मनात नसतानाही, मान्य करावी लागते. त्याच काळात अमेरिकेने पोलादावर २५ टक्के शुल्क लावले होते आणि वर्षभरानंतर परदेशी पोलाद उत्पादकांनी आपले दर बरेच उतरवून जवळपास निम्मा भार स्वतःकडे घेतल्याचे अभ्यासकांना दिसले. म्हणजे घेणारा देश प्रचंड मोठा असेल आणि विकणाऱ्याला तेवढा माल खपवायला दुसरी बाजारपेठ नसेल, तर काही भार त्याच्यावर जाऊ शकतो. संदेशातले अर्धसत्य ते एवढेच. महिन्याला काही पेट्या बेअरिंगे घेणाऱ्या कारखानदारासाठी जगातला कोणता पुरवठादार दर उतरवणार आहे? आणि पोलादातही पहिले वर्ष घेणाऱ्यांनीच सोसले होते. माझ्या भावाचे कोटेशन वर्षभराचेच आहे.

दुसऱ्या विधानाचे उत्तर थोडक्यात देता येते. वस्तूवरचा कर कोणाच्या खिशातून जातो, हे तो कोणाकडून वसूल केला यावर ठरत नाही. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातला कोण सहजपणे माघार घेऊ शकतो यावर ठरते. ज्या वस्तूवाचून चालत नाही तिच्यावरचा कर बहुतांशी घेणाऱ्याकडे सरकतो, आणि जिला पर्याय भरपूर आहेत तिच्यावरचा कर विकणाऱ्याच्या नफ्याला किंवा त्याच्या कामगारांच्या पगाराला लागतो. नफेखोरीचा आरोप मात्र मी सरसकट फेटाळणार नाही, कारण उलट्या दिशेने तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. फिनलंडने केशकर्तनावरचा मूल्यवर्धित कर २००७ मध्ये २२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला आणि २०१२ मध्ये तो ८ वरून २३ टक्क्यांवर नेला. कर वाढला तेव्हा केशकर्तनाचे दर जितके वर गेले, त्याच्या साधारण निम्मेच ते कर घटला तेव्हा खाली आले होते. ही सेवा आहे, वस्तू नाही, तरी वस्तूंनाही हा अनुभव लागू आहे असे मला वाटते. करकपातीचा लाभ आपोआप ग्राहकापर्यंत पोहोचतो, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर त्यालाही मी हेच उदाहरण देईन.

दर दुप्पट केला की महसूल दुप्पट, हे गणित शाळेच्या पाटीवरच सुटते. दर वाढला की खरेदी कमी होते, पुढे ढकलली जाते, सीमेपलीकडे जाते किंवा बिलाशिवाय होऊ लागते. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहावरचा कर शंभर टक्क्यांच्याही वर गेला आणि निम्म्याहून अधिक चहा चोरट्या मार्गाने येऊ लागला, असे मानले जाते. पंतप्रधान विल्यम पिट यांनी १७८४ मध्ये तो साडेबारा टक्क्यांवर आणला, तशी तस्करीतली कमाई संपली आणि कायदेशीर चहाची विक्री काही वर्षांतच दुपटीहून अधिक झाली. यावरून कर कमी केला की महसूल वाढतोच, असा दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढणारेही कमी नाहीत, म्हणून हेही सांगतो की चहावरच्या महसुलातली तूट भरून काढण्यासाठी पिट यांना घरांच्या खिडक्यांवरचा कर वाढवावा लागला होता. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेने १९९१ पासून एक लाख डॉलरहून महाग नौकांवर, किमतीच्या त्या मर्यादेवरील भागावर, दहा टक्के चैनकर लावला. श्रीमंतांनी नौका घेणे थांबवले आणि घाव बसला तो नौका बांधणाऱ्या कारागिरांना. त्या वेळी मंदीही होती, त्यामुळे सगळा दोष कराचा म्हणता येत नाही. तरी १९९३ मध्ये नौकांवरचा तो कर मागे घ्यावा लागला. तंबाखूचे मात्र वेगळे आहे. तिची सवय सुटत नसल्याने किंमत वाढते त्या प्रमाणात खप घटत नाही, म्हणून तेथे खप आणि महसूल दोन्ही हवे त्या दिशेने सरकतात.

चौथे विधान वाचून मला खरोखर राग आला. जो आयकर भरत नाही तो करच भरत नाही, असे म्हणणाऱ्याने साबणाची वडी विकत घेणाऱ्या माणसाकडे पाहिलेलेच नाही. वस्तूवरचा कर घेणाऱ्याचे उत्पन्न विचारत नाही. समजा एका कुटुंबाचे उत्पन्न शंभर आहे आणि ते सगळेच खर्च होते, तर दुसऱ्याचे हजार आहे आणि त्यातले चारशे खर्च होतात. खरेदीवर सरसकट दहा टक्के कर असेल तर पहिले कुटुंब दहा देते आणि दुसरे चाळीस. रक्कम दुसऱ्याची मोठी, पण उत्पन्नाच्या हिश्शाने पाहिले तर पहिल्याचे दहा टक्के जातात आणि दुसऱ्याचे चार. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांत एकूण करमहसुलाचा जवळपास तिसरा हिस्सा वस्तू आणि सेवांवरच्या करांतून येतो. त्यात आयकराच्या मर्यादेखालचा प्रत्येक माणूस रोज भर घालत असतो. त्याला फुकटे म्हणणे हे हिशेबाने चूक आहे आणि माणुसकीनेही. ज्यांच्याकडून हा संदेश मला आला, त्यांच्यातल्या दोघांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी तो वाचला तर त्यांना काय वाटेल, याचा विचार त्यांनी करावा.

पाचव्या विधानातले करावर कराचे वर्णन जुन्या उलाढाल कराला लागू पडते. पश्चिम जर्मनीत १९६७ अखेरपर्यंत तो होता, आणि माल जितक्या हातांतून जाई तितका कर साचत जाई. म्हणून सगळे टप्पे एकाच छताखाली ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना त्याचा फायदा होई. मूल्यवर्धित कर फ्रान्समध्ये १९५४ मध्ये मोरिस लोरे यांच्या आराखड्यानुसार सुरू झाला तो हाच दोष काढण्यासाठी. कच्चा माल घेताना दिलेला कर पक्का माल विकताना द्यायच्या करातून वजा होतो. परंतु कारखानदाराला वेगळाच जाच होतो, आणि त्याबद्दल संदेशात एक शब्द नाही. सामान्यतः बिल फाडले त्या महिन्याचा कर ठरलेल्या तारखेला भरावा लागतो, मग खरेदीदाराने पैसे दिलेले असोत वा नसोत. मोठा खरेदीदार तीन महिन्यांनी पैसे देतो. मधल्या काळात सरकारचा कर छोटा कारखानदार स्वतःच्या खेळत्या भांडवलातून, बऱ्याचदा व्याजाने काढलेल्या पैशांतून भरत असतो. माझ्या भावाच्या वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत. विक्री चांगली असलेल्या महिन्यांतच त्याची ओढाताण सर्वांत जास्त होते.

आम्ही दोघांनी काल रात्री बसून ते कोटेशन पुन्हा मांडले. बेअरिंगांचा खर्च वेगळ्या ओळीत काढला, आजच्या दराने होणारे शुल्क त्याच्यासमोर लिहिले आणि खाली अट घातली की, शुल्काच्या दरात बदल झाल्यास वाढ किंवा घट प्रत्यक्ष भरलेल्या रकमेइतकी खरेदीदाराच्या बिलात धरली जाईल. 'किंवा घट' हे शब्द त्याने स्वतःहून घातले. सुधारित कोटेशन आज सकाळी गेले आहे, खरेदीदाराने ते अजून मान्य केलेले नाही.