नव्वद दिवस संपतात तरी कधी?

आज १३१ वा दिवस. मालिकेत चार दिवस इन्स्पेक्टर केला, पानपानभर संवाद पाठ करून एकेका टेकमध्ये दिले, आणि पैशांचा अजून पत्ता नाही. चेक नव्वद दिवसांनी निघतो, हे या धंद्यात गृहीतच धरलेलं असतं. ते मी मुकाट्याने मान्य केलं होतं. पण वर एक्केचाळीस दिवस झाले तरी अकाउंट्सवाल्याचं एकच, "सरांची सही राहिलीये." काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन कापणार, टीडीएस कापणार. कापायचं कुणी विसरत नाही, द्यायचं तेवढं राहून जातं!

त्या चारांतला एक दिवस सांगतो. सकाळी सातचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ. आधी कुणीतरी घालून गेलेल्याच्या घामाने कॉलर कडक झालेली ती वर्दी चढवून बसलो. माझा सीन लागला रात्री साडेदहाला, पॅकअप दोनला. कन्व्हेयन्स, म्हणजे जाण्यायेण्याचे पैसे, देतो म्हणाले होते, तो देणारा माणूस आधीच निघून गेलेला. गोरेगावच्या फलाटावर पहिल्या लोकलची वाट बघत बसून राहिलो.

हे कुणाला सांगावं तर ठरलेलं उत्तर, "नवाजुद्दीन बघ, त्याने किती वर्षं काढली!" अरे, बघितलंय की. एनएसडीतून, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, शिकून आलेला माणूस. १९९९ च्या 'सरफरोश'मध्ये एवढासा सीन, २००३ च्या 'मुन्नाभाई'त पाकीटमार, आणि घराघरात नाव पोचलं २०१२ ला, 'गँग्ज ऑफ वासेपूर'नंतर. एवढ्या ताकदीच्या नटाला तुम्ही तेरा वर्षं कोपऱ्यात उभं केलंत, याची लाज वाटायला हवी. उलट तीच गोष्ट आमची तोंडं बंद करायला वापरता? आणि आठव्या वर्षी बॅग भरून गावी परतलेल्यांचं काय? त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही.

स्ट्रगलला मी घाबरत नाही. वर्सोव्याच्या आराम नगरात दिवसाला चार-चार ऑडिशन देतो, "नॉट फिट" ऐकतो, पुढच्या दारात जाऊन पुन्हा नाव, वय, उंची सांगतो. काम न मिळणं हा स्ट्रगल. केलेल्या कामाचे पैसे न मिळणं ही लुबाडणूक आहे, तिला स्ट्रगल म्हणू नका.

परवा त्याच प्रॉडक्शनमधून फोन. "उद्या ये, इन्स्पेक्टरचाच ट्रॅक आहे, मागचं-पुढचं एकदम देऊ." आधी मागचं द्या, मग वर्दी घालतो, म्हटलं. फोन कट. तेव्हापासून अकाउंट्सवालाही माझा फोन उचलत नाही.