जॅक जॉन्सनने टाळलेली लढत

हेवीवेट मुष्टियुद्धाच्या आरंभीच्या विजेत्यांची नावे पाढ्यासारखी म्हणून दाखवणारे शौकीन आपल्याकडेही बरेच आहेत. सलिव्हन, कॉर्बेट, फिट्झसिमन्स, जेफ्रीज, हार्ट, बर्न्स, जॉन्सन, विलर्ड, डेम्प्सी, टनी. पहिल्याला दुसऱ्याने हरवले, दुसऱ्याला तिसऱ्याने, आणि अशा रीतीने त्या त्या काळातला सर्वांत बलाढ्य माणूस आपोआप वर येत गेला, असा या यादीचा एकूण रोख असतो. सर्वकालीन श्रेष्ठ दहा मुष्टियोद्ध्यांची चर्चा निघाली की याच यादीतून नावे उचलली जातात आणि भांडण फक्त क्रमावरून होते. मला मात्र ही यादीच अर्धवट वाटते, आणि तिच्यातले जे नाव मला सर्वांत प्रिय आहे त्याच नावाने ती अर्धवट ठेवण्यास हातभार लावला, असे माझे मत आहे.

त्या काळात विजेतेपदावर कोणत्याही संस्थेची सत्ता नव्हती. न्यूयॉर्क राज्याचा कायमचा मुष्टियुद्ध आयोग आला तो १९२० मध्ये, आणि अमेरिकेतील राज्यांची सामाईक संघटना त्याच्या पुढच्या वर्षी उभी राहिली. तोपर्यंत कोणाचे आव्हान स्वीकारायचे, कोणाला टाळायचे आणि किती पैसे मागायचे हे विजेता, त्याचा व्यवस्थापक आणि सामना भरवणारा धनिक मिळून ठरवीत. महाराष्ट्र केसरीची गदा ज्याच्या घरात आहे त्यानेच पुढच्या वर्षीची आपली जोड निवडावी असा रिवाज असता, तर त्या गदेला आपण किती किंमत दिली असती? १९०५ साली जेफ्रीज अपराजित निवृत्त झाला, तेव्हा मार्व्हिन हार्ट आणि जॅक रूट यांची लढत लावून त्यातून नवा विजेता ठरवण्यात आला, आणि त्या लढतीला पंच म्हणून उभा होता स्वतः जेफ्रीज. ज्या साखळीचा एवढा गौरव होतो तिचा एक दुवा अशा रीतीने घरच्या घरी सांधलेला आहे.

जॉन एल. सलिव्हनने ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतील रिचबर्ग येथे भर उन्हात जेक किलरेनला ७५ फेऱ्यांनंतर हरवले. हातमोज्यांशिवाय झालेली हेवीवेट विजेतेपदाची ती शेवटची लढत. सलिव्हनच्या दमसासाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कृष्णवर्णीय माणसाशी आपण लढणार नाही, असे हाच सलिव्हन उघडपणे सांगत असे, आणि ते सांगणे पीटर जॅक्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला फार महागात पडले. मे १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅक्सन आणि जेम्स कॉर्बेट ६१ फेऱ्या लढले. दोघांच्याही अंगात हात उचलण्याचे त्राण उरले नाही, तेव्हा पंचाने लढत अनिर्णित म्हणून थांबवली. त्या लढतीने कॉर्बेटचे नाव झाले, पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स येथे त्याने सलिव्हनला एकविसाव्या फेरीत पाडले आणि तो विजेता झाला. जॅक्सनला तशी संधी कधीच मिळाली नाही. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियात क्षयाने त्याचा अंत झाला.

त्याच १९०१ साली टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे एक स्थानिक तरुण जो चोयन्स्की नावाच्या मुरलेल्या मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहिला आणि तिसऱ्या फेरीत आडवा झाला. त्या राज्यात अशा लढतींना कायद्याने बंदी होती, त्यामुळे दोघांनाही पकडून कोठडीत टाकण्यात आले. तेथे जवळपास तीन आठवडे चोयन्स्की त्या तरुणाला शिकवत राहिला, आणि तुरुंगाधिकाऱ्यानेही त्यांच्या सरावाला हरकत घेतली नाही. हरवणाऱ्यानेच हरलेल्याला घडवावे आणि तेही गजांआड, ही मुष्टियुद्धाच्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती हकिगत आहे. तो तरुण म्हणजे जॅक जॉन्सन. गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांचा मुलगा. पुढे त्याच्या खेळात जी बचावाची कला दिसते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा ठोसा निघण्याआधीच त्याच्या दंडावर हात ठेवून तो अडवणे, अंगाला अंग लागले की त्याची ताकद जिरवणे आणि मग आखूड अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारणे, तिचा पाया त्या कोठडीत भक्कम झाला असावा असे मला वाटते.

१९०३ मध्ये जॉन्सन कृष्णवर्णीयांचा म्हणून जो वेगळा किताब होता त्याचा विजेता झाला. जेफ्रीजने विजेतेपदावर असेपर्यंत त्याला दाद दिली नाही. त्यानंतर विजेता झालेल्या टॉमी बर्न्सच्या मागे जॉन्सन इंग्लंडला गेला, तेथून ऑस्ट्रेलियाला गेला, आणि अखेर सामने भरवणाऱ्या ह्यू मॅकिंटॉशने बर्न्सला ३०,००० डॉलर देऊ केले तेव्हा २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. जॉन्सनच्या वाट्याला ५,००० डॉलर आले. मॅकिंटॉशच पंच होता. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि जॉन्सन विजेता ठरला; चित्रीकरणही पोलिसांनी बंद करायला लावले. गोरा विजेता जमिनीवर पडलेला पडद्यावर दिसू नये, एवढी काळजी मात्र तत्परतेने घेण्यात आली.

यानंतरची जॉन्सन आणि जेफ्रीज यांची रीनोची लढत सर्वांना ठाऊक असते. निवृत्त जेफ्रीजला गोऱ्या वंशाची लाज राखण्यासाठी शेतावरून बोलावून आणले गेले, त्याने शंभराच्या आसपास पौंड वजन उतरवले, आणि ४ जुलै १९१० रोजी नेवाडाच्या उन्हात सुमारे वीस हजार लोकांपुढे तो रिंगमध्ये उतरला. फेऱ्या ४५ ठरल्या होत्या. खरे सांगायचे तर मुष्टियुद्ध म्हणून ही लढत मला फारशी थोर वाटत नाही, कारण सहा वर्षे न लढलेल्या माणसाकडून जे व्हायचे तेच झाले. पाहण्यासारखा आहे तो जॉन्सन. जेफ्रीजच्या कोपऱ्यातून कॉर्बेट त्याला शिव्या घालत होता आणि जॉन्सन जेफ्रीजला कवळ घालून, त्याच्या खांद्यावरून कॉर्बेटशी हसत हसत बोलत होता. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात प्रथमच खाली पडला, उठला, पुन्हा पडला, आणि शेवटी त्याच्याच माणसांनी धाव घेऊन लढत संपवली. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली झाल्या आणि कृष्णवर्णीयांचे बळी गेले. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदाच अमेरिकन काँग्रेसने केला.

इथपर्यंतची कथा जॉन्सनच्या बाजूने सांगणे सोपे आहे आणि तशीच ती सहसा सांगितली जाते. माझा आक्षेप पुढच्या पाच वर्षांविषयी आहे. त्या काळात जॉन्सनला खरे आव्हान देऊ शकतील असे तीन मुष्टियोद्धे होते, सॅम लँगफर्ड, जो जेनेट आणि सॅम मॅकव्हे, आणि तिघेही कृष्णवर्णीय होते. एप्रिल १९०९ मध्ये पॅरिसमध्ये जेनेट आणि मॅकव्हे यांची लढत ४९ फेऱ्या चालली. जेनेट वीसहून अधिक वेळा खाली पडला आणि तरीही तोच जिंकला, कारण पन्नासाव्या फेरीसाठी मॅकव्हेला उठताच आले नाही. रीनोपेक्षा ही लढत कितीतरी मोठी आहे. या तिघांपैकी एकालाही जॉन्सनने विजेतेपदासाठी लढण्याची संधी दिली नाही. डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसमध्ये तो एका कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी लढला खरा, पण तो होता तुलनेने दुय्यम असा जिम जॉन्सन, आणि ती लढतही बरोबरीत सुटली.

लँगफर्डला जॉन्सनने १९०६ मध्ये गुणांवर हरवले होते, हे उत्तर लगेच येते. पण तेव्हा लँगफर्ड तेवीस वर्षांचा होता आणि वजनात जवळपास तीस पौंडांनी कमी होता. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातून आलेला हा साडेपाच फुटांपेक्षा थोडाच उंच माणूस पुढे अंगाने भरला आणि त्याने हॅरी विल्ससारख्या धिप्पाड कृष्णवर्णीय योद्ध्याला नॉकआऊट केले. जॉन्सनची बाजू अशी मांडली जाते की दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला पैसा मिळत नव्हता, तर ‘गोऱ्यांची आशा’ म्हणून उभ्या केलेल्या कोणाही सोम्यागोम्याशी लढल्यावर तो मिळत होता. हे व्यवहारी गणित खरे आहे. शिवाय १९१३ मध्ये केवळ गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या संबंधांमुळे त्याच्यावर सूडबुद्धीने खटला भरून शिक्षा ठोठावली गेली, त्याला देश सोडावा लागला, आणि १९१५ मध्ये हवाना येथे जेस विलर्डकडून सव्विसाव्या फेरीत हरेपर्यंत तो परमुलखात वणवण करत होता, हेही मी विसरत नाही. त्या शिक्षेला माफी मिळायला २०१८ साल उजाडले. तरीसुद्धा बर्न्सचा अर्ध्या पृथ्वीभर पाठलाग करणाऱ्या माणसाने लँगफर्डला तीच वागणूक द्यावी, आणि तीही त्याच कारणासाठी, हे मला त्याच्या खात्यावर मांडावेसे वाटते.

जॅक डेम्प्सीच्या काळात विल्सबाबत हेच झाले. १९२५ मध्ये करारावर सह्या झाल्या, लढत झाली नाही.

म्हणून माझ्या यादीत लँगफर्ड जेफ्रीज आणि डेम्प्सी या दोघांच्याही वर आहे, जरी त्याच्या नावावर एकही जागतिक विजेतेपद नसले तरी. डेम्प्सीचे चाहते यावर चिडतात. त्यांनी डेम्प्सीने उतारवयात लिहिलेल्या आठवणी वाचाव्यात. तरुणपणी लँगफर्डशी लढण्याचा प्रस्ताव आला तेव्हा आपण तो नाकारला, कारण त्याने आपल्याला लोळवले असते, हे त्याने तिथे आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे.